अँग्लिकन मुलांच्या शाळेत शिकलात का? अनुभव येऊ द्या

परवा कॅम्पात सेंट मेरीज चर्चवरनं गाडी घेऊन चाललो होतो, सिग्नलला थांबलो आणि काहीही कारण नसताना तोंडातनं 'अवर फादर हू आर्ट इन हेवन' ही ख्रिश्चनांची प्रार्थना सुरू झाली ती थेट 'आमेन'पर्यंत गेली. बायको बघतच राहिली. आमचं घर पेठेतलं, श्रावणी सोमवार, सत्यनारायण सगळं साग्रसंगीत, आणि मला पसायदान मध्ये कुठेतरी अडकतं पण हे झोपेतनं उठवलंत तरी म्हणून दाखवीन. म्हणून म्हटलं धागा काढूया.

मी बिशप्स शाळेचा, कॅम्पातला, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या पंथाची. शाळा 1864 ची, म्हणजे त्या चर्चपेक्षा बरीच धाकटी, चर्च 1825 चं, त्याचा अर्पणविधी बिशप हेबरच्या हातून झालेला. शाळेचं बोधवाक्य एकच शब्द, 'थरो', म्हणजे जे करायचं ते नीट, पूर्ण. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, थोर? बरं आहे की. पुढे कित्येक वर्षं ती शेजारणींना 'आमचा नातू थोर शाळेत जातो' असंच सांगायची. लोकांना हेही समजवावं लागायचं की आमच्याकडे फादर नसतात हो, ते सेंट व्हिन्सेंट शाळेत, ते कॅथलिक. अँग्लिकनांच्या पाद्र्याला बायको असते, मुलं असतात, त्याला रेव्हरंड म्हणायचं. आजीचा यावर निकाल असा की मग ते आपल्या भटजींसारखेच, त्यात काय एवढं.

आणि त्याच प्रार्थनेतलं 'हॅलोड बी दाय नेम', म्हणजे तुझं नाव पवित्र मानलं जावो. चौथीपर्यंत मी ते 'हॅलो' म्हणत होतो. देवाला फोन लावल्यासारखं.

तुमचं येऊ द्या. शाळेचं नाव घ्यायचं नसेल तर नका घेऊ.

सातारी_थंडी :
मी बिशप कॉटन, शिमला. वडील मिलिटरीत, तीन वर्षांत तीन गावं झाल्यावर आईनेच सांगितलं की याला आता एका जागी टाका. कालका ते शिमला ती छोटी गाडी, शंभराच्या वर बोगदे, मी मोजत बसायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा कारण मधेच रडू यायचं.

मला हाऊस मिळालं रिवाझ. बाकीची तीन कर्झन, इबेटसन आणि लेफ्रॉय, कुणी व्हाइसरॉय, कुणी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, कुणी बिशप. आईला पत्रात लिहिलं मी रिवाझमधे आहे, तिचं उत्तर आलं की शाळेचे सगळेच रिवाज पाळ, पण अंगात स्वेटर घालून पाळ.

तिकडचा इतिहास आम्हाला कोळून पाजलेला. 1857 मधनं आपण वाचलो म्हणून इंग्रजांनी देवाचे आभार मानायची प्रार्थना ठेवली 1859 मधे, त्यात जमलेल्या दानातनं ही शाळा उभी करायचं ठरलं. तेव्हा मान डोलावून ऐकलं. डोक्यात प्रकाश पडला फार नंतर, सुट्टीत आजोबा रंगो बापूजींची गोष्ट सांगत होते तेव्हा. म्हणजे आमच्या साताऱ्याची माणसं ज्यात फासावर गेली त्यात हे वाचले, त्याचा हा नवस, आणि त्या नवसाच्या शाळेत मी टाय लावून गातोय. डायरपण आमचाच माजी विद्यार्थी, हे मात्र कुणी कोळून पाजलं नाही, ते आपलं आपण शोधायचं.

पण ज्याच्या नावाची शाळा त्या बिशप कॉटनसाहेबाबद्दल मला उगाच वाईट वाटायचं. इंग्लंडातल्या रग्बी नावाच्या शाळेत मास्तर होता, तिथनंच ते हाऊस आणि प्रिफेक्टचं (मोठ्या पोरांनी धाकट्यांवर देखरेख करायची) खूळ इकडे आणलं. 1866 च्या ऑक्टोबरात बंगालमधे कुष्टियाला एका स्मशानभूमीचा विधी उरकून बोटीवर चढताना फळीवरनं पाय घसरला, गोराई नदीत पडला, देह सापडलाच नाही. शिमल्यातल्या आत्ताच्या जागेवर वर्ग भरायला लागले 1868 ला, म्हणजे त्याने ते पाहिलंच नाही. रात्री डॉर्ममधे दिवे गेले की मोठी पोरं ही गोष्ट भुताची करून सांगायची, ओल्या बुटांचा आवाज येतो म्हणे. एक पूर्ण टर्म मी रात्री बाथरूमला गेलो नाही.

संत्रानगरीचा :
आधी एक चूक दाखवतो, राग मानू नका. धाग्याच्या नावातलं 'अँग्लिकन' आता जुनं झालं. 29 नोव्हेंबर 1970 ला आमच्या नागपुरातच उत्तर भारतातले अँग्लिकन आणि बाकी पाच-सहा पंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. दक्षिणेकडच्यांनी तर ते 1947 लाच उरकलेलं.

आता अनुभव. मी मराठी ख्रिश्चन, म्हणजे धाग्यावर सगळ्यात घरचा माणूस मीच असायला पाहिजे ना? उलट झालं. आमच्या घरी देवाचं गाणं म्हणजे रेव्हरंड टिळकांचं, पेटी, झांज, बाबा डोळे मिटून, चाल अशी की बाहेरनं जाणाऱ्याला भजनी मंडळ वाटावं. येशूला आम्ही मराठीतच हाक मारत आलो. शाळेत पहिल्या दिवशी ऑर्गन वाजला आणि सगळी पोरं, जोशी, शेख, अग्रवाल, चार ओळी इंग्लिशमधे घडाघडा म्हणायला लागली आणि मी एकटा ओठ हलवत उभा. सर म्हणाले, अरे तू तर ख्रिश्चन ना? माझ्या बाकावरच्या जोशीने मला हिम्स शिकवली. मधल्या सुट्टीत, डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाता खाता. त्या बदल्यात मी त्याची गणितं करायचो, आणि अजूनही त्याचा रिटर्न मीच भरतो.

बेळगावी_कुंदा :
बंगळुरूचा कॉटन, 1865 वाला, जनरल थिमय्यांची शाळा. फार नाही लिहीत. आमचं बोधवाक्य लॅटिनमधे, 'नेक डेक्स्ट्रॉर्सम नेक सिनिस्ट्रॉर्सम', ना उजवीकडे ना डावीकडे. मामा बेळगावहून सोडायला आला होता, गेटवर अर्थ विचारला आणि म्हणाला, मग काय, महाराष्ट्रात पण नाही आणि कर्नाटकात पण नाही, आपल्यासाठीच लिहिलंय की रे हे.

देवळाली_दूधवाला :
मी शाळेतला नाही, शाळेबाहेरचा, चालेल ना? आमच्या गोठ्याचं दूध देवळालीच्या बार्न्स शाळेकडच्या बंगल्यांना जायचं, मी वडिलांबरोबर सायकलवर. (ती मुला-मुलींची एकत्र शाळा, धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या.) गावात सगळे समजायचे इंग्रजांनी मिलिटरीच्या पोरांसाठी काढली असेल, कारण देवळाली म्हणजे कॅम्पच. तर तसं नाही, मुळं पार मुंबईत निघाली. 1718 मधे कॉब नावाच्या पाद्र्याने फोर्टात बारा गरीब पोरांना ठेवून घेतलं, खाणंपिणं, कपडे आणि एक मास्तर. ज्या चर्चचा तो पाद्री ते सेंट थॉमस, म्हणजे चर्चगेटमधलं 'चर्च' ते हेच. पुढे 1815 ला आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा मोठा पाद्री) बार्न्सने सोसायटी काढली, शाळा भायखळ्याला गेली आणि 1925 ला आमच्याकडे माळावर. बारा गरीब पोरांपासनं निघालेली गोष्ट, आणि आम्ही तिथल्या पोरांकडे राजपुत्रासारखं बघायचो. संध्याकाळी कुंपणाबाहेर उभं राहून त्यांचं क्रिकेट बघायचं, बॉल बाहेर आला की फेकायची संधी. एकदा मी लांबनं असा थेट फेकला की आतनं एक जण ओरडला 'वेल फील्डेड!' अर्थ वर्गात मास्तरांना विचारला. सायकलवर ते दोन शब्द मी महिनाभर म्हशीलापण म्हणायचो.

धागाकर्ता :
नागपूरकर, चूक मान्य, पण नाव आता राहू दे. दूधवाले, हा धागा तुमचाच. मारामारी, छड्या वगैरेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, तेही असेलच ना?

नाव_नको :
असेल काय, आहे. शाळा सांगत नाही, जुनी आहे, नाव मोठं आहे, तिथली माणसं आता बदललीत.

आमच्यात मराठी बोलायला बंदी. एक लाकडाचा तुकडा होता, काडेपेटीएवढा, हाताळून हाताळून काळा गुळगुळीत झालेला. मराठी बोलताना सापडलास की तो तुझ्या खिशात. मग तू दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि त्याला द्यायचा. शेवटची घंटा होताना ज्याच्या खिशात तो, त्याला दोन छड्या. मास्तरांना काही करावंच लागायचं नाही, पोरंच पोरांच्या मागे. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे शेवटच्या तासाला बेसावध पोराच्या पायावर बुटाची टाच द्यायची. तो 'आई गं' म्हणणारच. 'आउच' म्हणायला शिकलेलो आम्ही सगळे, पण जोरात लागलं की कोण आउच म्हणतंय. 'आई गं' मराठीत धरायचं की नाही यावर एकदा प्रिफेक्टपुढे रीतसर खटला चालला, तोही इंग्लिशमधे, आणि निकाल लागला की धरायचं. मी हरलो.

मीपण टाच दिलेली आहे, खोटं कशाला बोलू. ज्याला दिली तो कोकणातनं नवीन आलेला, पहिलाच आठवडा, त्याला तर नियमच माहीत नव्हता. त्याने छड्या खाल्ल्या आणि मला काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी फक्त जागा बदलून पुढे जाऊन बसला.

सहामाहीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी तुकडा माझ्याकडे राहिला. पाऊस होता, लवकर सोडलं, कुणी मागितला नाही आणि मी परत केला नाही. नंतर नवीन तुकडा आला असेल, त्यांना काय. माझा अजून घरी आहे. आईने तो कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलाय, तिला तो काय आहे हे मी सांगितलेलं नाही.