'प्रमाणशीर' की 'प्रमाणबद्ध'?

दुभाषी
ब्रिटनमधल्या कामगार संघटनांवरचा लेख मराठीत करतेय. युनाइटने २०२१ साली आणि युनिसनने २०२२ साली प्रपोर्शनल रिप्रेझेंटेशनच्या, म्हणजे पक्षांना मतांनुसार जागा देणाऱ्या निवडणूक पद्धतीच्या, बाजूने कौल दिला. खर्ड्यात 'प्रमाणित प्रतिनिधित्व' लिहिलं, तर संपादक विचारतात, "प्रमाणित कोणी केलं?" 'प्रमाणबद्ध' म्हटलं की मूर्ती डोळ्यांसमोर येते. रुळलेला शब्द कोणता?

कलम५५
राज्यघटनेच्या मराठी प्रतीत 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व' आणि 'एकल संक्रमणीय मत' आहे. विषय संपला.

फोडणी
संपला कसा? प्रमाणशीर म्हणजे बेताचं, मीठ घालतो तसं. आणि करोनानंतर 'संक्रमणीय' मताला कोण हात लावेल? सरळ 'पसंतीक्रमाचं मत' म्हणा. विधान परिषदेच्या बातम्यांत तेच छापतात.

मतपेटी
पसंतीक्रम ही निम्मीच गोष्ट. ब्रिटनच्या २०११ च्या सार्वमतातल्या पद्धतीतही पसंतीक्रम होता, पण दर मतदारसंघात जागा एकच, म्हणून ती प्रमाणशीर नव्हे. (६७.९ टक्क्यांनी 'नको' म्हटलं, ते वेगळं.)

मत 'संक्रमित' होतं म्हणजे काय, ते राज्यसभेत बघा. समजा, महाराष्ट्रात एका वेळी ६ जागांची निवडणूक आहे, आमदार २८८, दर मताचं मूल्य १००. २८,८०० भागिले ७, अपूर्णांक सोडायचा, अधिक १, म्हणजे निवडून यायला लागणारा कोटा ४,११५. एखाद्याला ५० आमदारांनी पहिली पसंती दिली तर ५,००० होतात, ८८५ जास्तीचे. दुसऱ्या पसंतीकडे जाताना दर मतपत्रिकेसोबत १७ जातात, कारण इथेही अपूर्णांक सोडतात. आणि पसंती आकड्यातच लिहायची. देवनागरी १ चालतो, अक्षरी 'एक' लिहिलं की मत बाद.

इथे 'पसंती' मतदाराची, 'संक्रमण' मताचं. दोन्ही शब्द लागतात.

फोडणी
मग 'पुढे सरकणारं मत' म्हणा.

गेटसभा
मूळ वाक्य युनियनचं होतं. त्यांना हे का हवंय ते कळलं तर शब्दही सापडेल. २०१६ च्या ब्रिटिश कायद्याने संपासाठी मतदान घेतलं तर निम्म्या सभासदांनी भाग घ्यायलाच हवा असं ठरवलं. रेल्वे, अग्निशमन अशा महत्त्वाच्या सेवांत त्याशिवाय एकूण सभासदांपैकी ४० टक्क्यांचा होकारही लागे. हा कायदा करणाऱ्या पक्षाला २०१५ मध्ये पडलेली मतं ३६.९ टक्के, तीही झालेल्या मतदानातली. एकूण मतदारांवर काढा, चौथा हिस्साही भरत नाही.

न्यूझीलंडचंही तसंच. १९९० साली नॅशनल पक्षाला ४७.८ टक्के मतांवर ९७ पैकी ६७ जागा, आणि १९९१ मध्ये सामूहिक करार मोडीत काढणारा रोजगार करार कायदा. १९९३ च्या सार्वमतात पद्धत बदलली, १९९६ ला नव्या पद्धतीने पहिली निवडणूक, २००० साली आघाडी सरकारने तो कायदा रद्द केला. म्हणून माझं मत 'मतांच्या प्रमाणात जागा'. तीन शब्द, पण पत्रकावर वाचता येतात.

उलटतपासणी
एवढं गोड नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या (लेबर पार्टी) २०२१ च्या अधिवेशनात स्थानिक शाखा बहुसंख्येने बाजूने होत्या, ठराव पाडला तो युनियनांच्या मतांनी. मंजूर झाला २०२२ ला. एकहाती सत्ता कोणाला नको असते? २०२४ मध्ये त्याच पक्षाला ३३.७ टक्क्यांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. लेखात 'संघटनांचा पाठिंबा' असं सरसकट लिहू नका.

गेटसभा
मान्य. पण 'प्रतिनिधित्व' शब्दच आपल्याकडे अडचणीचा आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात 'प्रातिनिधिक संघटना' म्हणजे बोलणी करणारी एकच संघटना. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात ३० टक्के सभासद असले की मान्यता, तीही एकालाच. गिरणगावात हा शब्द प्रमाणशीरच्या नेमका उलट! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र कोणाचेच ५१ टक्के नसले तर वाटाघाटी परिषद, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. ते खरं प्रमाणशीर.

दुभाषी
म्हणजे शीर्षकात काय लिहू?

शुद्धमती
आधी 'मजूर पक्ष' बदला. मूळ फारसी शब्द. 'श्रमिक पक्ष' का नाही?

कलम५५
फारसी आहे म्हणून काय झालं? 'मुज्द' म्हणजे मोबदला, तो घेणारा मजूर. आणि समोर 'हुजूर पक्ष' आहे, यमक जुळतं. कॉन्झर्व्हेटिव्हना 'हुजूर' म्हणणाऱ्या मराठी पत्रकाराला माझा मुजरा. शिवाय बाबासाहेबांनी १९३६ साली काढला तोही 'स्वतंत्र मजूर पक्ष'च.

मतपेटी
त्या पक्षाने लढवलेल्या १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या अनेक-सदस्य मतदारसंघांत आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. त्या पद्धतीला मराठीत काय म्हणायचं?

कलम५५
'संचयी मतदान'.

फोडणी
संचयी ठेव असते. 'एकगठ्ठा' म्हणा.

उलटतपासणी
'एकगठ्ठा' आता शिवी झाली आहे. शिवाय ती गठ्ठ्याने येणाऱ्या मतदारांना देतात, इथे मतदार एकटाच आहे.

फोडणी
मग एकट्याचा गठ्ठा.