‘चर्वण स्नायू’ला आपल्याकडं काय म्हणायचं?

बेळगावातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर असते. जबडा दुखणाऱ्या पेशंटांसाठी कन्नड आणि मराठीत पत्रक करायचंय. मराठीत ‘चर्वण स्नायू’ लिहिलं आणि हिंडलग्याहून आलेल्या एका आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘चरवण? म्हशीचं व्हय?’’ कोशात शब्द बरोबर आहे, पण पोचत नाही. कन्नडमधलं ‘दवडे’ (म्हणजे जबडा) तसंच उचलावं म्हटलं, तर आपल्याला ‘संधी दवडली’ आठवते. घास चावायचे असे चार स्नायू आहेत. नावं सुचवा.

*खानापूरहून:*
ताई, नावं आपल्याकडं आहेत, फक्त ती जागेची आहेत, स्नायूची नाहीत. दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीखाली ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटाखाली टणक गोळा येतो, तो मॅसेटर. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच ‘चावणारा’. गालफडाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत तो जातो. आता बोटं डोळ्याच्या बाजूला, कानाच्या वर न्या आणि परत आवळा. तिथंही हलतं. तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा पसरलेला. जबडा वर उचलतो आणि मागंही ओढतो.

गंमत अशी की ‘कानशील’ म्हणजे कोशात दुसरी जागा, पण ‘कानशिलात वाजवली’ म्हणतो तेव्हा हात पहिल्या जागेवर पडतो! म्हणून पत्रकात नुसतं ‘कानशिलाचा स्नायू’ लिहू नका, ‘कानाच्या वरचा’ असं जोडा. मॅसेटरला ‘दाभाडाचा स्नायू’ म्हणता येईल. फक्त दाभाड फोडायच्याच भाषेत येतं, तेव्हा पेशंट घाबरेल. ‘जबड्याच्या कोपऱ्याचा’ बरं.

उरलेले दोघे टेरिगॉइड, आतल्या बाजूला, बाहेरून हाताला लागत नाहीत. एक आतून मॅसेटरसारखंच उचलायचं काम करतो. दुसरा उलट्या कामाचा: तो जबडा पुढं ओढतो आणि तोंड उघडायला मदत करतो. एकाच बाजूचा ओढला की हनुवटी दुसऱ्या बाजूला सरकते, आणि भाकरी दळली जाते. जात्यात खालची तळी स्थिर आणि वरची फिरते; तोंडात नेमकं उलटं.

*निपाणीहून:*
‘चावणे’ आणि ‘चघळणे’ यांत गल्लत नको. ऊस चावतो, गोळी चघळतो. चघळताना दाढा बसून असतात, जीभ आणि गाल राबतात. गालातला तो स्नायू बक्सिनेटर. घास दाढांखाली परत ढकलायचं काम त्याचं, तरी शरीरशास्त्र त्याला चावणाऱ्यांत धरत नाही, कारण त्याची नस वेगळी. चावणाऱ्या चौघांना पाचवी मेंदूची नस, याला सातवी. सातवी बसली की तोंड वाकडं होतं आणि घास गालात अडकतो, पण दात आवळायची ताकद राहते. हे आमच्या घरात बघितलंय.

दुसरं, आपल्या भागात सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंड उघडेनासं होतं. लोक त्याला ‘दातखीळ बसली’ म्हणतात. ते बरोबर नव्हे. धनुर्वातात जबड्याचे स्नायू आवळून धरतात, ती खरी दातखीळ. सुपारीत तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होतं. पत्रकात ‘तोंड उघडत नाही’ एवढंच लिहा, कारण काय ते डॉक्टर ठरवू देत.

*प्रश्न विचारणारी:*
दोघांचेही आभार. आता असं लिहिलंय: ‘‘घास चावायला दोन्ही बाजूंना चार-चार स्नायू आहेत. एक जबड्याच्या कोपऱ्यावर, एक कानाच्या वर, दोन आत. जबडा दुखतोय तोवर गोकाकचं करदंट, ऊस आणि कडक भाकरी लांब ठेवा. मऊ भात खा.’’ डॉक्टरांनी ‘आत’ला ‘अंतस्थ’ केलंय, ते मी परत ‘आत’ करणार आहे. आजींची तारीख सोमवारी आहे.

*खानापूरहून:*
करदंटाला आजी ऐकायच्या नाहीत. ही मिठाई डिंकानं दाढेला चिकटते म्हणूनच त्यांना ती आवडते.