आई-वडिलांसाठी परसातले घर : आकार आणि सांडपाणी

कॅलिफोर्नियात आई-वडिलांसाठी परसात 900 चौरस फुटांचे घर बांधावे, असे काहीजण सुचवतात. मला मात्र 750 चौरस फुटांच्या आत राहणे अधिक योग्य वाटते, कारण तेवढ्या घरावर शहराला इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सुविधांवर पडणाऱ्या भारापोटीचे शुल्क, आकारता येत नाही. आराखडा काढण्यापूर्वी मुख्य घराची सांडपाण्याची वाहिनी किती खोल आहे हे अवश्य तपासावे, कारण नव्या वाहिनीला पुरेसा उतार, म्हणजे साधारणपणे दर फुटाला पाव इंच, मिळाला नाही तर पंप बसवावा लागतो आणि त्याची देखभाल कायमची मागे लागते. न्हाणीघराला उंबरा नसावा. आधाराच्या दांड्यांसाठी भिंतींच्या आत लाकडी फळ्या आताच बसवून घ्याव्यात. भिंती बंद झाल्यावर त्यासाठी पुन्हा तोडफोड करावी लागते.