अदाला गाळून ‘नॉटी मॅरिएटा’ रंगमंचावर आणावा का?

कोपऱ्यातला श्रोता

‘नॉटी मॅरिएटा’ म्हटले की बहुतेकांना 1935 चा एमजीएम या चित्रसंस्थेचा चित्रपट आणि जिनेट मॅकडोनाल्ड व नेल्सन एडी ही जोडी आठवते. माझी तक्रार त्या चित्रपटापासूनच सुरू होते. व्हिक्टर हर्बर्ट यांचे संगीत आणि रिडा जॉन्सन यंग यांची संहिता व पदे असलेला मूळ दोन अंकी कॉमिक ऑपेरा 7 नोव्हेंबर 1910 रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आला आणि तेथे त्याचे 136 प्रयोग झाले. कथा अठराव्या शतकातील न्यू ऑर्लिन्सची आहे. ठरवलेले लग्न टाळून पळालेली इटालियन उमराव घराण्यातील मॅरिएटा, ‘ब्रा पिके’ म्हणजे गोंदलेल्या हाताचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समुद्री चाच्याच्या मागावर असलेला कॅप्टन वॉरिंग्टन, आणि तो चाचा म्हणजे खुद्द तेथील कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा एतिएन असल्याचे रहस्य, असा एकूण मामला आहे.

या गुंत्यात अदा आहे. ती मिश्र वंशाची, एतिएनची गुलाम आणि रखेल. त्याचे मन मॅरिएटावर गेल्यावर तो नाचाच्या समारंभात तिचा लिलाव करतो. वॉरिंग्टन तिला मुक्त करण्यासाठी विकत घेतो, मॅरिएटा त्याचा भलताच अर्थ काढून रुसते, आणि अखेर एतिएनचे बिंग फोडते ती अदाच. चित्रपटाने हे पात्रच काढून टाकले. एवढ्यावर न थांबता तिचे ‘नीथ द सदर्न मून’ हे खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजासाठी बांधलेले गाणे नायकाच्या तोंडी घातले. पुढे ज्यांनी ज्यांनी संहितेची ‘सफाई’ केली, त्यांना ही वाट चित्रपटानेच दाखवली असे मी मानतो. माझे म्हणणे असे की, प्रयोग करायचाच असेल तर लिलावासकट करावा, नाही तर करू नये.

सुरावट

धागाकर्त्यांशी मी मुळीच सहमत नाही. या संहितेसाठी 1910 मध्येही कोणी तिकीट काढले नसेल, लोक आले असतील ते गायकांसाठी. मॅनहॅटन ऑपेरा ही संस्था चालवणारे ऑस्कर हॅमरस्टाइन (गीतकार हॅमरस्टाइनचे आजोबा) यांनी त्याच वर्षी प्रतिस्पर्धी मेट्रोपॉलिटन ऑपेराकडून 12 लाख डॉलर घेऊन आपला ऑपेराचा संसार आवरला आणि दहा वर्षे न्यू यॉर्कमध्ये ऑपेरा न करण्याचे कबूल केले. त्यामुळे त्यांच्याच मॅनहॅटन ऑपेरातील एमा ट्रेंटिनी हर्बर्टना मॅरिएटाच्या भूमिकेसाठी मिळाली आणि वॉरिंग्टनसाठी ऑरव्हिल हॅरॉल्डसारखा, पुढे मेट्रोपॉलिटनमध्ये गायलेला, टेनर (उंच पट्टीचा पुरुष-गायक) मिळाला. ‘इटालियन स्ट्रीट साँग’मधील त्या उंच ताना हलक्याफुलक्या संगीतिकेच्या नेहमीच्या नटीला झेपल्याच नसत्या.

शिवाय खरे नाट्य संगीतातच आहे. मॅरिएटाला स्वप्नात एक अर्धीच धून ऐकू आली आहे आणि जो ती पुरी करील त्याच्यावरच ती मन जडवणार आहे. पहिल्या अंकात पेरलेली ती ओळ शेवटी ‘आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ’ होऊन पूर्ण उमलते. यात अदाचा संबंध कोठे येतो? न्यू यॉर्क सिटी ऑपेराने 1978 मध्ये संहिता नव्याने लिहवून घेतली, तेव्हा हर्बर्टचा एक स्वरही कमी दर्जाचा झाला नाही.

पडद्यामागून

सुरावट यांचा गायकांविषयीचा मुद्दा मान्य आहे. किंबहुना या कलाकृतीचे अर्धे भवितव्य गळ्यांनीच ठरवले. एका खास प्रयोगाला हर्बर्ट स्वतः वाद्यवृंदाचे संचालन करीत असताना ट्रेंटिनीने ‘इटालियन स्ट्रीट साँग’ला ‘वन्स मोअर’ देण्यास नकार दिला, तेव्हा ते तडक उठून गेले आणि तिच्यासाठी पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. तिचा पुढचा खेळ ‘द फायरफ्लाय’ डिसेंबर 1912 मध्ये आला तो रुडॉल्फ फ्रिम्ल यांच्या संगीतासह. (वन्स मोअरवरून रुसणाऱ्या गायिका आपण पुष्कळ ऐकल्या आहेत, येथे संगीतकार रुसला.)

परंतु धुनेविषयीचा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. ती धून पहिल्या अंकातच का पुरी होत नाही? मध्ये अडसर हवा, आणि तो अडसर अदाच्या लिलावातून उभा राहतो. तो काढला की उरते ते केवळ गाण्यांचे संमेलन.

विंगेतली

आपण तिघेही अदाला कथानकाचा खिळा समजून बोलत आहात, आणि मला आक्षेप नेमका तेथेच आहे. संहितेनेही तिला तेवढेच मानले आहे. तिची विक्री होते ती नायकाचे औदार्य दिसावे म्हणून, आणि ती मुक्त होते ती त्याचे काम सोपे व्हावे म्हणून. स्वातंत्र्य मिळाल्यावर तिला स्वतःचे काय हवे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. लिलाव जसाच्या तसा दाखवणे हा प्रामाणिकपणा आहे, असे धागाकर्त्यांना वाटते. मला मात्र तो त्या करमणुकीचाच दुसरा प्रयोग वाटतो. चित्रपटाने तिला पुसले हे वाईटच झाले, पण 1910 च्या लेखणीने तिला फार काही दिले होते असे भासवू नये. वाद्यवृंदासह नुसती गाणी सादर करावीत, मध्ये निवेदक असावा, आणि ‘नीथ द सदर्न मून’ मूळच्या स्त्री-आवाजाकडे परत द्यावे.

सुरावट

विंगेतली यांची सूचना मला पूर्ण पटते. माझे तेवढेच मागणे होते.

कोपऱ्यातला श्रोता

गाणे परत देण्याला माझाही पाठिंबा आहे, आणि तिला पुढे काय हवे होते हे मी विचारले नव्हते, हेही खरे आहे. पण सुरावट यांनी इतक्यात सुटलो असे समजू नये. मॅरिएटा वॉरिंग्टनवर का रुसली, हे निवेदकाला सांगावेच लागेल, आणि ते सांगताना त्या नाचाच्या रात्री कोणाची बोली लागली होती हेही त्याला उच्चारावे लागेल.