अठराव्या वाढदिवसानंतर काय?

बालगृहातल्या मुलींच्या सुरक्षेचा विषय निघाला की भिंती उंच करा, कॅमेरे लावा, असं सुचवलं जातं. लावा खुशाल. पण मी सहा वर्षं एका बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जातो आणि मला धास्ती वाटते ती मुलगी फाटकातून रीतसर बाहेर पडते त्या दिवसाची.

अठरा पूर्ण, रजिस्टरवर सही, हातात पिशवी. मागच्या वर्षी एकीच्या पिशवीत दोन ड्रेस, दहावीचं मार्कशीट आणि कुणीतरी दिलेला जुना मोबाइल होता. आधारवर पत्ता बालगृहाचाच, त्यामुळे भाड्याने खोली मिळेना. आठवड्याभरात इन्स्टावर एक ‘ताई’ हजर: पार्लरमध्ये काम, राहणं-जेवण फुकट, फक्त कागदपत्रं आमच्याकडे ठेव. या शेवटच्या अटीने पोरगी चपापली, वॉर्डनबाईंना फोन केला, म्हणून निभावलं.

२०१५च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी महिना ४००० रुपये मिळू शकतात. पण ही धावपळ मुलगी संस्थेत असतानाच व्हायला हवी, नंतर ती कुठे सापडणार? अनाथ प्रमाणपत्राचंही तेच. राज्यात अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, पण दाखलाच नसेल तर काय उपयोग?

तेव्हा बालगृहात केक घेऊन जाणाऱ्यांनी (आम्हीही नेतोच म्हणा) एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीसोबत बँकेत आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दोन चकरा माराव्यात. आणि हो, १०९८ ही हेल्पलाइन अठराखालच्या मुलामुलींसाठी आहे. अठरानंतर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत), हे तिला पाठ करून द्या.