मदत हवी आहे: 'अबाइड विथ मी' मराठीत गाताना शब्द ओढले जातात

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या गायनमंडळाला हे इंग्रजी भक्तिगीत मराठीत बसवायचंय. हेन्री लाइट या इंग्लंडच्या डेव्हनमधल्या पाद्र्याने ते लिहिलं आणि त्याच वर्षी, 1847 मध्ये, आताच्या फ्रान्समधल्या नीसला त्याचं निधन झालं. त्याने स्वतः चालही बांधली होती, पण लोकांच्या तोंडी बसली ती विल्यम मंक यांची 1861 मधली 'इव्हनटाइड'. गांधीजींचं हे आवडतं गीत. दिल्लीत प्रजासत्ताक दिनानंतर होणाऱ्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात ते कित्येक वर्षं वाजायचं, 2022 मध्ये वगळलं. (मला चुकल्याचुकल्यासारखं होतं, असो.)

अडचण अशी: ओळीत दहा अक्षरं, पहिला स्वर लांब, पुढचे दोन आखूड. 'प्रभो'ने सुरुवात केली की 'प्र' ताणला जातो आणि 'भो' गिळला जातो. आजी मंडळी हसतात! 'माझ्यासंगे' थोडं जमतं, पण पुढच्या ओळी रखडतात.

याच चालीवर नीट बसणारं मराठी भाषांतर कुणाकडे आहे का? जुन्या उपासनेच्या पुस्तकातल्या पानाचा फोटोही चालेल. की ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांसारखं सरळ ओवी-अभंगाच्या वळणावर जावं? पेटी वाजवणाऱ्यांनी जरूर सांगा.