नववीला गुळावर एक ऐच्छिक विषय काढायचाय, कसा बांधू?

गुरुजी_करवीर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो, एकवीस वर्षं झाली. जूनमध्ये हेडसरांनी बोलावून सांगितलं, "नववीला एक आंतरविद्याशाखीय ऐच्छिक विषय काढा. शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका तुमच्या." २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला-विज्ञान अशा भिंती नकोत म्हटलंय, २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात तर नववी-दहावीला याचा वेगळा कप्पाच केलाय. म्हणजे आज ना उद्या हे गळ्यात पडणारच होतं.

माझी धास्ती गेल्या वर्षीची आहे. तेव्हा आम्ही हौसेनं ‘पाणी’ घेतलं होतं. मी जलचक्र शिकवलं, इतिहासाच्या बाईंनी शाहू महाराज आणि राधानगरी धरण, मराठीच्या सरांनी पावसाच्या कविता, गणिताच्या सरांनी टाकीचं घनफळ. शेवटी पोरांनी थर्माकोलचं धरण केलं. ते अजून प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडलंय. चार शिक्षकांनी आपापला तास घेतला आणि डस्टर टेबलावर ठेवून गेले, एवढंच झालं. जलचक्राचा त्या धरणाशी संबंध काय, हे एकाही पोराला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही धड सांगता आलं नसतं.

यंदा गूळ घ्यावा म्हणतोय. गावात गुऱ्हाळं आहेत, कोल्हापूरची गूळपेठ हाकेवर आहे. पण पुन्हा थर्माकोलची काहील (रस आटवायची मोठी कढई) होऊ नये. कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा. मुलं छत्तीस, बजेट शून्य. पीएच पेपर मी माझ्या खिशातून आणेन.

पाबळचा_जुना
गुरुजी, तुम्ही म्हणताय ते आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालंय. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. मी तिथं एक वर्षाचा डिप्लोमा केला. आठवी ते दहावीच्या शाळांसाठी त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आहे. आठवड्यातला एक दिवस हातानं काम: वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य.

त्यातली एकच गोष्ट उचला. आम्ही केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगाचं असायचं आणि त्याचा हिशेब निघायचा. एका आजीला फाटक करून दिलं होतं. माप घेतलं, कागदावर चित्र काढलं, खर्चाचा अंदाज सांगितला. अंदाजात वेल्डिंगचे रॉड धरायचे राहिले आणि आजी एक रुपया वाढवून देईना! त्या दिवशी अपूर्णांक कळले आणि आजीशी कसं बोलायचं तेही कळलं. कुठला तास गणिताचा आणि कुठला मराठीचा, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

लेकीची_आई
मी थोडं कडू बोलते, गुरुजी, राग मानू नका. माझी मुलगी नववीतच आहे. तिच्या शाळेत ‘ऐच्छिक’ म्हणजे काय झालं ठाऊक आहे? गणितात हुशार मुलांना जादा तास आणि उरलेल्यांना "जा तुम्ही, ते प्रोजेक्टवालं करा." आठवड्याभरात पोरांनी त्या वर्गाला ‘ढ-तुकडी’ नाव ठेवलं. मुलीला तो विषय मनापासून हवा होता, पण नावापायी ती गेली नाही.

तेव्हा गूळ शिकवा नाहीतर मीठ. आधी एवढं सांगा, तुमच्याकडे कोण बसणार? आणि मार्कांचं काय? दहावीनंतर अकरावीच्या यादीत टक्केच बघतात, गूळ कुणी बघत नाही.

भूगोलवाली
मी पुण्यात आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावी-बारावीला शिकवते. आमच्याकडे पर्यावरण आणि समाज यांचा मिळून एक विषय आहे. तो मुलाला विज्ञान म्हणून धरता येतो, सामाजिक शास्त्र म्हणूनही. कागदावर फार छान! पण तिथेही शिक्षक चुकला की तेच होतं, सोमवारी परिसंस्था आणि गुरुवारी अर्थकारण.

माझा अनुभव असा की ‘गूळ’, ‘पाणी’, ‘ज्वारी’ अशी नावं घेतली की प्रत्येक जण आपल्या विषयाचा तुकडा आणून टाकतो. नाव नका घेऊ, प्रश्न घ्या. एकट्या विज्ञानाला सुटणार नाही आणि एकट्या गणितालाही सुटणार नाही, असा. आणि तो प्रश्न तुम्ही काढू नका. मुलांच्या घरात आधीच असतो.

गुरुजी_करवीर
मंडळी, उत्तराला उशीर झाला, मधे सहामाही आणि दिवाळी होती. आता हंगाम सुरू झालाय, तेव्हा झालं ते सांगतो.

आधी ताईंच्या प्रश्नाचं. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण आमच्याकडेही यादी तशीच निघाली होती. मी हेडसरांना म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. दोन तुकड्यांतून छत्तीस जण चिठ्ठीनं निवडले, वर्गात पहिला येणारा त्यात आला आणि दोनदा नापास झालेलाही आला. मार्क नाहीत. शेवटी प्रत्येकानं आपल्या घरात एक हिशेब वाचून दाखवायचा आणि घरच्यांनी त्याखाली सही करायची, एवढीच परीक्षा. टक्क्यांवर माझ्याकडे उत्तर नाही.

भूगोलवाली बाई, प्रश्न खरंच घरातच होता. पहिल्या शनिवारी विचारलं, गुळाबद्दल कुणाच्या घरात काय बोलणं होतं? मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, आमच्यात ह्याच्यावरनं भांडणं हुत्यात. आज्जा म्हणतोय ऊस गुऱ्हाळाला घाला, पप्पा म्हणत्यात कारखान्याला." सगळा वर्ग हसला आणि मग नऊ हात वर आले. विषयाचं नाव तेच ठेवलं: ‘ऊस कुठं घालायचा?’

फळ्यावर कारखान्याची बाजू मांडायला घेतली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला ३५५० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे चौदा दिवसांत द्यायचे, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. एक मुलगी म्हणाली, "नियम हाय, पण पैसं कवा येत्यात ते आमच्या पासबुकात बघा की." पुढच्या शनिवारी बाईसाहेब पासबुकाची झेरॉक्स घेऊन हजर. नागरिकशास्त्राच्या सरांना मग बोलवावं लागलं नाही, ते स्वतःच येऊन बसले.

गुऱ्हाळाची बाजू बघायला गुऱ्हाळावरच गेलो. ताज्या रसाला पीएच पेपर लावला, साडेपाचच्या आसपास रंग आला. काहिलीत चुन्याची निवळी पडल्यावर पुन्हा लावला, वर सरकला. भेंडीचा रस घातला तशी काळी मळी फेसासारखी वर आली, ती झाऱ्यानं काढायला दोघं पोरं पुढं सरसावली. इथवर मी ऐटीत होतो. मग थर्मामीटर काढला. शाळेचा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा! रस आटत आला तसा पारा शेवटच्या रेघेला टेकला आणि मी घाबरून तो बाहेर ओढला. गूळ उतरतो साधारण ११८ ला, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पिशवी भरताना सुचलं नाही. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, गालात हसला. पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांनी वळला, पोरांना दाखवला. "गोळी झाली. उतरवा." काहील गूळ गार करायच्या वाफ्यात रिकामी झाली. साखर दाटत गेली की उकळबिंदू वर चढतो, हा धडा मी दहा वर्षं फळ्यावर शिकवत होतो.

खरी गाठ मात्र तिथून निघताना बसली. एका पोरानं गुळव्याला विचारलं, गूळ कधी चिकट का होतो? तो म्हणाला, "शिळा ऊस. तोडून दोन-तीन दिस पडला की गूळ बसत न्हाई." म्हणजे साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं, हे रसायनशास्त्र. आणि ऊस पडून का राहिला? ऊसतोडणीची टोळी मिळाली नाही, ट्रॅक्टर दुसऱ्याकडे गेला, टोळीतल्या बाईचं मूल आजारी पडलं. गेले तीन शनिवार वर्ग त्यावरच अडकलाय आणि मी अडकू दिलाय.

पाबळकर, तुमचे वेल्डिंगचे रॉड आमच्याकडेही निघाले. टनाला शंभर-एकशेदहा किलो गूळ धरून पोरांनी गुऱ्हाळ फायद्यात दाखवलं. चिपाडं फुकटचं जळण, हेही धरलं. गुळव्याची मजुरी धरायची राहिली.

लेकीची_आई
चिठ्ठ्यांची कल्पना आमच्या शाळेत सांगते. आणि त्या आजोबांच्या घरी काय ठरलं?

गुरुजी_करवीर
निम्मा कारखान्याला, निम्मा गुऱ्हाळाला. आज्जांनी सही केलीय, पप्पांची अजून यायचीय.